आंधळ्या नकाशासमोर

माझ्या नवऱ्याला चूक सहन होत नाही. आमच्या लग्नात रजिस्ट्रारनं मोठ्या थाटात सुरुवात केली, "तिसा नदीच्या उजव्या तीरावरच्या मिंडसेंत गावची ही कन्या..." तर काल्माननं त्याला तिथंच अडवलं. "डाव्या," म्हणाला. "मिंडसेंत डाव्या तीरावर आहे." सगळ्या हॉलमध्ये हशा पिकला. माझ्या आईच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला तेव्हाच समजायला हवं होतं की या माणसाशी संसार म्हणजे रोज उठून वर्गात बसणं.

हंगेरीतल्या आमच्या चोंग्राद गावच्या शाळेत तो भूगोल शिकवायचा आणि मी पोस्टात खिडकीवर बसायचे. घरी पाहुणे आले, मी काही सांगायला तोंड उघडलं, की हा हातातल्या काट्यानं हवेत रेघ ओढायचा. एतुश, ते पठार नव्हे, टेकड्या. एतुश, दुना नदी तिथं वळत नाही, अलीकडे वळते. माझं नाव एतेल्का, एतुश हे त्यानं लाडानं केलेलं. एकदा तर मी भरल्या ताटावरून उठून म्हणाले होते, "मग तूच सांग माझी गोष्ट, मी भांडी घासते." त्यानं खरंच सांगितली, आणि माझ्यापेक्षा वाईट सांगितली.

दिवसभर त्या नावाचा जप चालायचा. अंगणातून, माडीवरून, न्हाणीघरातून. एतुश, चष्मा कुठाय? एतुश, पळत ये, धुराड्यावर करकोचा बसलाय! मी हातातलं पीठ झटकत ओरडायचे, "आले रे बाबा, जीव खाशील माझा!" जायचे तोवर करकोचा उडालेला असायचा.

नाताळ उलटला आणि त्याला झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "यांना समजतंय सगळं. माणसं ओळखतात. पण शब्द सापडत नाहीत. घरभर वस्तू आहेत आणि दिवा नाही, असं समजा." एवढं मोठं भूगोलाचं ज्ञान असलेल्या माणसाकडे एकच शब्द उरला होता, "हो". कॉफी हवी? हो. नको? हो. मी चिडून एकदा विचारलं, "तू गाढव आहेस का?" "हो," म्हणाला, आणि डोळ्यांत पाणी. त्या दिवशी मी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचं तेवढं बाकी होतं.

बोलायला शिकवणारी नोएमी दर मंगळवारी यायची. पोरगी गुणाची, पण तिच्याजवळ चित्रांची कार्डं होती. चमचा, कप, कंगवा. "काल्मान काका, हे काय आहे बरं?" असं ती गोड आवाजात विचारायची आणि तो त्या चमच्याकडे बघत बसायचा. मग कपाळावर घाम, मग मान खाली. प्रश्न विचारला की त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं. जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेला माणूस, त्याला फळ्यासमोर उभं केलं होतं ना.

मीही एकदा विचारलं होतं. दवाखान्यातून आणलं त्याच रात्री, उशी नीट करताना. "मी कोण, सांग?" त्याचे ओठ हलले. पुन्हा हलले. मग त्यानं डाव्या हातानं माझी बाही घट्ट पकडली आणि लहान मुलासारखा रडायला लागला. पुन्हा कधी विचारलं नाही. पण खरं सांगते, मला दुसरं काही नको होतं. त्यानं चमचा म्हणू नये, कंगवा म्हणू नये, आयुष्यभर मुका राहावं. फक्त एकदा एतुश म्हणावं. मी काम टाकून पळत गेले असते.

मार्चमध्ये शेजारची तेरुश्का पोगाच्यांचा, म्हणजे छोट्या खारट पावांचा, डबा घेऊन आली. ती आली की तासभर उठत नाही आणि बोलताना श्वास घेत नाही. पेन्शनरांच्या मंडळाची बालातोन सरोवराची सहल ती तिसऱ्यांदा सांगत होती. "अगं काय सांगू एतेल्का, ते तिहान बेट! बेटावर ते चर्च, चहूकडे पाणी, आणि आमच्या ड्रायव्हरला बेटावर गाडी लावायला जागा मिळेना—"

"द्वीप," काल्मान म्हणाला.

तेरुश्काच्या तोंडातला पोगाचा तसाच राहिला. काल्मानचा चेहरा लालबुंद झाला होता, डाव्या हाताची मूठ टेबलावर आपटत होती.

"द्वीप... द्वीपकल्प!"

"काय म्हणाला गं हा?" तेरुश्कानं विचारलं.

"तुझं चुकलं म्हणाला," मी म्हणाले. "तिहान बेट नाही. तीन बाजूंना पाणी, एका बाजूनं जमीन. द्वीपकल्प आहे ते." आणि मी हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले. ज्या माणसाला पाव म्हणता येत नव्हता तो द्वीपकल्प म्हणाला होता.

तेरुश्का म्हणाली, "मी आपली सांगत होते गाडी लावायला जागा नव्हती ते."

ती गेल्यावर मी भांडी विसळता विसळता, त्याच्याकडे न बघता, म्हणाले, "आपलं बुडापेस्ट किती छान आहे तिसाच्या काठावर."

मागून खुर्ची करकरली. "दु... दुना." बुडापेस्ट डॅन्यूबवर आहे, आणि आम्ही तिला दुना म्हणतो.

मग मी म्हणाले, "हो का. आणि आपल्या चोंग्रादचे डोंगर तर काय, आल्प्सच." आमच्या गावात सगळ्यात उंच जागा म्हणजे पुराचा बंधारा. मागून जो आवाज आला तो शब्द नव्हता, नुसता संताप होता, पण मला गाण्याहून गोड वाटला. मला कळलं, त्याला विचारायचं नाही. त्याच्यासमोर चुकायचं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी जुना आंधळा नकाशा मागून आणला. आंधळा म्हणजे ज्यावर एकही नाव नसतं. नद्यांच्या निळ्या रेघा, डोंगरांचा तपकिरी रंग, सीमेची लाल रेघ, बाकी कोरा. पोरांना त्याच्यापुढे उभं करून काल्माननं किती जणांना घाम फोडला असेल देव जाणे. मी तो स्वयंपाकघरातल्या कपाटावर टांगला, त्याच्या हातात त्याची छडी दिली आणि शाळेत आठवड्याचा मॉनिटर उभा राहतो तशी ताठ उभी राहिले.

"मास्तर, नम्रपणे कळवते. वर्गाची पटसंख्या एक. गैरहजर कोणी नाही."

त्याचं तोंड वाकडंच होतं, पण ते हसलं. छडीनं खूण केली. सुरू कर.

मी मुळात मूर्ख दिसायला तयार नसणारी बाई. पोस्टात कोणी माझी चूक काढली तर मला दोन दिवस जेवण जात नसे. पण त्या कपाटासमोर मी असा काही अडाणीपणा केला की विचारू नका. तिसाला दुना म्हटलं, दुनाला रस्ता म्हटलं. नदीला तलाव म्हटलं. "फोयो!" तो ओरडला. नदी! टेकडीला खड्डा म्हटलं. "दोंब!" टेकडी! बेटावर बोट ठेवून ही कोणाची सांडलेली कॉफी म्हटलं. "सिगेत! सि-गेत!" बेट! ओढा, खोरं, दलदल, पठार, उगम, सगळे शब्द एकेक करत असे घरी आले, जशी संध्याकाळी बदकं अंगणात येतात, ओरडत आणि भांडत. आणि प्रत्येक शब्दामागून शेरा यायचा, "एक!" आमच्याकडे पाच म्हणजे उत्तम आणि एक म्हणजे नापास. मी रोज डझनानं नापास होत होते आणि गंगेत घोडं न्हाल्यासारखी खूश होत होते.

मंगळवारी नोएमीनं हा तमाशा दारातून पाहिला. "एतेल्का काकू, असं पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही."

"मग तू लिही," मी म्हणाले. "आणि ती कार्डं दे इकडं."

मी चमच्याचं कार्ड उचलून त्याला म्हटलं, "हा कंगवा छान आहे, याने केस विंचरते मी." तो तुच्छतेनं म्हणाला, "चमचा." नोएमीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

तिथून पुढे घरात एकही गोष्ट खरी राहिली नाही. मी कॉफीत मीठ घालून साखर म्हणायचे, सोमवारला रविवार म्हणायचे, मांजराला कुत्रा. सगळ्यात मोठा विजय माशांच्या सुपाचा. आमच्या तिसाकाठी मासे शिजवून, गाळून, घोटून सूप करतात. दुनाकाठच्या बाया नावाच्या गावचे लोक त्यात शेवया घालतात, आणि त्यावरून दोन्हीकडचे सज्जन लोक एकमेकांची डोकी फोडायला उठतात. मी पातेलं ठेवलं आणि सहज म्हणाले, "मला विचारशील तर खरं सूप बायाचंच. शेवया हव्यातच."

"शेवया?" तो उठून उभा राहायला गेला. "शेवया... कोंबडीत! माशात नाही! गाळायचा... मासा गाळायचा, मूर्ख बाई!"

झटक्यानंतरचं त्याचं ते पहिलं पूर्ण वाक्य. माझ्या चाळीस वर्षांच्या संसारात मला कोणी मूर्ख बाई म्हटलं आणि मी त्याच्या टकलाचा मुका घेतला, असं एकदाच झालं.

एप्रिलच्या सुरुवातीला ऊन पडलं तसं आम्ही बंधाऱ्यावर फिरायला जायला लागलो. तो काठी टेकत, मी त्याचा लुळा हात कोटाच्या खिशात सांभाळत. समोर कोरोश नदी येऊन तिसाला मिळते. मी तोंड उघडायच्या आत, मी काही चुकायच्याही आत, तो म्हणाला, "संगम." थोडा थांबला. "कोरोश इथं येते. मग कोरोश संपते." आणि पाण्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता म्हणेल. आता वळून बघेल आणि म्हणेल. तो वळला, माझ्याकडे बघून हसला, आणि काठीनं घराच्या दिशेला खूण केली.

कारण हाक मारायची वेळ आली की तो अजूनही चमचा टेबलावर वाजवायचा. टक टक टक. त्याच्याकडे पठार होतं, दलदल होती, गाळलेला मासा होता, तेरुश्काचं नाव होतं ("भोंगा तेरुश्का," असं म्हणाला होता). माझं नव्हतं. आणि माझी हिंमत होत नव्हती. साऱ्या जगावर मी चूक करून पाहिली होती, फक्त स्वतःवर नाही. उपाय जोवर करत नाही तोवर तो लागू पडेल अशी आशा तरी असते.

ईस्टरला आमची मुलगी बोग्लार्का ऑस्ट्रियातल्या लिंझहून आली. येण्याआधी फोनवर रडत होती, "आई, बाबांनी मला ओळखलं नाही तर?" मी म्हटलं, "तू ये तर खरी, मी बघते." ती दारात बॅग घेऊन उभी राहिली तशी मी काल्मानला मोठ्यानं म्हणाले, "पोस्टातली नवी मुलगी आलीय, कात्या. वीजबिल घेऊन आलीय."

त्यानं डोळे बारीक केले. मग छडीसकट हात वर केला.

"कसली कात्या! बोगी! ही बोगी आहे! माझी बोगी!"

पोरगी बॅग टाकून धावली आणि त्याच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून हमसून रडली. तो तिच्या केसांवरून डावा हात फिरवत मला रागावून सांगत होता, "बोगी. तुला कळत नाही? बोगी." मी हो हो म्हणत स्वयंपाकघरात गेले आणि हॅमबरोबरचा तोर्मा, म्हणजे आमचा झणझणीत मुळा, किसत बसले. तोर्मा किसताना रडलं तर कोणी कारण विचारत नाही. मला आनंद झाला होता. आणि पोटच्या पोरीचा हेवाही वाटला होता, तो का लपवू?

ईस्टरच्या सोमवारी पुरुषांनी बायकांवर पाणी शिंपडायचं असतं, नाहीतर वर्षभरात त्या कोमेजतात म्हणे. आमच्या घरात कोलोनची बाटली असते. दरवर्षी काल्मान चार ओळी जुळवून म्हणायचा आणि त्यात यमकासाठी कुठलंसं गाव कोंबायचा. यंदा ओळी नव्हत्या. त्यानं बोगीच्या डोक्यावर कोलोन शिंपडलं, "बोगी," म्हणाला. मग माझ्याकडे आला. निम्मी बाटली माझ्यावर ओतली, कोलोन माझ्या मानेवरून पाठीत गेलं, आणि तो प्रेमानं, अगदी प्रेमानं बघत राहिला. तोंड उघडलं. मिटलं.

बोगीनं ते पाहिलं. भांडी पुसताना हळूच म्हणाली, "आई, माझ्यावर केलंस तसं स्वतःवर कर ना."

"हॅम गार होतोय," मी म्हणाले.

"घाबरतेस तू."

"हो, घाबरते. जा, बाबांना अंडी सोलून दे."

मंगळवारी सकाळी तिला गाडीत बसवून आम्ही परत आलो. घर रिकामं झालं होतं. दोन कप धुवायचे होते, तेही मी धुतले नाहीत. मी काल्मानला नकाशासमोर बसवलं, त्याच्या हातात छडी दिली, केस नीट केले, आणि ताठ उभी राहिले. असं नाव शोधलं होतं की अख्ख्या चोंग्रादमध्ये ते कोणाचं नाही, आमच्या नात्यात नाही, त्याच्या शाळेत नव्हतं. ऐकताच हसू यावं असं. कोणत्याही नवऱ्यानं ओरडून उठावं असं.

"मास्तर, नम्रपणे कळवते. पटसंख्या एक. गैरहजर कोणी नाही. मॉनिटरचं नाव क्लोतिल्द."

तो माझ्याकडे बघत राहिला. कपाळावर ती ओळखीची रेघ आली, जी द्वीपकल्पाच्या आधी आली होती, दुनाच्या आधी, बोगीच्या आधी. छडी थोडी वर गेली. बोल. ओरड. एक दे मला. मूर्ख बाई म्हण.

रेघ गेली. चेहरा असा उजळला, जणू कित्येक महिने हरवलेली वस्तू हाताला लागली असावी.

"क्लोतिल्द," तो म्हणाला. हळू, चाखून बघितल्यासारखं. मग पुन्हा, जोरात, "क्लोतिल्द! हो! बरोबर!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. छडी टाकून त्यानं माझा हात धरला. "पाच," म्हणाला. "पाच. बस."

मी बसले. दुसरं काय करणार.

मी ते पुसायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तासाभरात केला. मग रोज केला. एकदा हळू, एकदा ओरडून, एकदा लग्नाचा फोटो पुढे ठेवून. "काल्मान, ऐक. मी चुकले होते. मी एतेल्का. एतुश." तो फोटोकडे बघतो, मग माझ्याकडे. आणि त्याला चूक सहन होत नाही.

"नाही," म्हणतो. ढ पोराला सांगावं तसं, माझ्या हातावर थोपटत, एकेक अक्षर सुटं करून. "एतुश नाही. क्लो-तिल्द."

नोएमी म्हणते, थोडा वेळ जाऊ द्या. बोगी फोनवर विषय बदलते. तेरुश्का म्हणाली, "अगं, नावात काय आहे, बोलतोय ना?" तिला मी डबा परत देऊन घरी पाठवलं.

त्याला आता चमचा वाजवावा लागत नाही. आवाज परत आलाय, पहिल्यासारखा खणखणीत. आज सकाळीही अंगणातून हाकांचा सपाटा चालू होता. क्लोतिल्द, माझा चष्मा! क्लोतिल्द, पळत ये, करकोचा आलाय! मी हातातलं पीठ झटकलं, "आले रे," म्हणाले, आणि गेले.